नाव आखूड करावं का, आणि ते ठरवायचं कुणी?

प्रिय ताई,

माझं लग्न होऊन दोन वर्षं होत आली. नवरा अमेरिकन आहे, तिथेच जन्मलेला आणि वाढलेला. त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर मी सव्वा वर्षापूर्वी अमेरिकेत आले. सध्या माझ्याकडे दोन वर्षांचं, अटी असलेलं ग्रीन कार्ड आहे. माझं नाव ज्ञानदा. मराठी माणसाला त्यात काही अवघड वाटणार नाही, पण इंग्रजीत ते डी-एन-वाय असं सुरू होतं आणि समोरचा तिथेच अडकतो. मी एका फिजिओथेरपी क्लिनिकच्या रिसेप्शनवर नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी टेबलावर माझा बिल्ला तयार होता आणि त्यावर नुसतं 'डी' छापलेलं होतं. मॅनेजरबाई हसून म्हणाल्या, "पेशंटना सोपं पडेल." सासूबाई मला 'डायना' म्हणतात. "तू आता आमच्यातली झालीस, मग नावही आमच्यातलं असू दे," असं त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं. नवऱ्याने माझं नाव नीट शिकून घेतलंय. तो म्हणतो, तुला हवं ते कर. मला स्वतःला 'आना' आवडतं. माझ्या इंग्रजी स्पेलिंगच्या मधोमध ए-एन-ए ही तीन अक्षरं सलग आहेतच. पण बाबांजवळ फोनवर हा विषय काढला तर ते आधी गप्पच झाले आणि मग म्हणाले, "पासपोर्टवरचं नाव तेवढं बदलू नकोस." तेव्हापासून मनात येतंय, मी दुबळी आहे का? नाव कायद्याने बदलायचं झालं तर आत्ता बदलावं, ग्रीन कार्डाच्या पुढच्या अर्जाच्या वेळी, की नागरिकत्व घेताना? आणि सासूबाईंना काय सांगू?

ज्ञानदा (आडनाव छापू नये)

प्रिय ज्ञानदा,

तुझं पत्र वाचल्यावर मी ती तीन नावं एकाखाली एक लिहिली. डी. डायना. आना. पहिलं मॅनेजरबाईंनी ठेवलं, तुला न विचारता. दुसरं सासूबाईंनी, तेही न विचारता. तिसरं तुझं तू निवडलंस, आणि नेमकं त्याच्याबद्दलच तुला अपराधी वाटतंय! माझ्या मते सगळी गाठ इथे आहे. आपलं नाव आपणहून आखूड करण्यात मला काहीच गैर दिसत नाही. गैर काही असेल तर ते तुझं नाव दुसऱ्यांनी परस्पर ठरवून टाकणं. तेव्हा दुबळेपणाचा विचार डोक्यातून काढून टाक. दुबळी असतीस तर 'डी' अंगवळणी पाडून घेतलं असतंस आणि मला पत्रही लिहिलं नसतंस.

अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या घरांमध्ये एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी ठाण्यावरच्या कारकुनाला पणजोबांचं नाव लिहिता येईना, म्हणून त्याने मनाला येईल ते खरडलं आणि घराण्याचं नाव कायमचं बदललं. इतिहासाचे अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत. १८९२ ते १९५४ या काळात चाललेल्या त्या ठाण्यावर तपासनीसाच्या हातात जहाजाची प्रवासी यादी असायची आणि ती यादी जहाज जिथून सुटलं त्या बंदरातच भरलेली असायची. तपासनीस नावं नव्याने लिहीत नसे, यादीशी ताडून पाहत असे. नावं बदलली ती बहुतेकांनी पुढे आपली आपण बदलली. कुणी नोकरी शोधताना, कुणी दुकान थाटताना, कुणी मुलांना शाळेत घालताना. १९०६ च्या नागरिकत्व कायद्याने तर नागरिकत्व देतानाच नाव बदलून देण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आणि ती सोय आजही आहे. तुझ्या ती कामाची आहे, तिच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते. मला त्या दंतकथेपेक्षा ही खरी हकीकत जास्त आवडते. काहींनी नाइलाजाने नाव बदललं असेल, काहींनी हौसेने, पण बदलायचं की नाही हे बऱ्याच जणांनी स्वतः ठरवलं होतं.

आता तुझा प्रश्न दोन भागांत तोडू, कारण पत्रात ते दोन्ही एकमेकांत मिसळलेत. एक आहे हाक मारायचं नाव आणि दुसरं कागदावरचं. हाक मारायचं नाव तुला आज संध्याकाळी बदलता येईल. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि सहा महिन्यांनी नको वाटलं तर परत फिरता येतं. कागदावरचं नाव बदलायला कोर्ट लागतं आणि एकदा बदललं की दोन देशांतल्या कागदपत्रांमागे धावावं लागतं. बाबांनी "पासपोर्टवरचं तेवढं" म्हटलंय ते बघ. त्यांनीही हा फरक केलाय. मी तुझ्या जागी असते तर हाक मारायचं नाव लगेच ठरवलं असतं आणि कागदांना नागरिकत्वापर्यंत हात लावला नसता.

ही दोन नावं वेगळी ठेवून माणसं वर्षानुवर्षं नीट राहतात. कॅल पेन हा नट तुला ठाऊक असेल. त्याचं खरं नाव कल्पेन मोदी. पडद्यासाठी त्याने आपल्याच नावाचे दोन तुकडे केले, पण २००९ मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरी धरली तेव्हा तिथे तो कल्पेन मोदी म्हणूनच रुजू झाला. आपण ज्यांना सुंदर पिचाई म्हणतो त्यांचं मूळ नाव पिचाई सुंदरराजन. आणि अमेरिकेतल्या राजकारणी निक्की हेलींचं बघ. त्यांनी आपलं भारतीय नाव लपवलं असं लोक खुशाल बोलतात, पण 'निक्की' हे त्यांच्या जन्मापासूनचं मधलं नाव आहे, निम्रता निक्की रंधावा. हे तुला सांगण्याचं कारण एवढंच की तू 'आना' झालीस तरी कुणीतरी बोलेल आणि 'ज्ञानदा' राहिलीस तरी कुणीतरी बोलेल. त्या बोलण्यावर काहीही ठरवू नकोस.

'आना' पक्कं करण्याआधी मात्र एक गोष्ट करून बघ. तुझं पूर्ण नाव इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला खरोखर म्हणताच येत नाही, की ते कसं म्हणायचं हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नाही? शब्दाच्या सुरुवातीला 'द' आणि 'न्य' एकत्र काढणं त्यांच्या जिभेला जमत नाही, हे खरं. पण 'कॅन्यन' हा शब्द तिथलं शेंबडं पोरही म्हणतं, म्हणजे 'न्य' त्यांना येतो. मग सुरुवातीचा 'द' त्यांच्यापुरता सोडून दे. "डी उच्चारायचा नाही, न्यान-दा, कॅन्यनमधल्यासारखा न्य." एवढं एक वाक्य ठरवून ठेव आणि नवीन माणूस भेटला की पहिल्या दहा सेकंदांत, तो स्पेलिंगशी झटापट करायला लागण्याआधीच, म्हणून टाक. लोक अडखळतात ते बहुतेक वेळा कागद बघून. कानाने आधी ऐकलं तर तितकं अडखळत नाहीत. ईमेलच्या सहीखाली उच्चार तोडून लिहिता येतो. लिंक्डइनवर आपल्या आवाजात नाव ध्वनिमुद्रित करून ठेवायची सोय आहे. क्लिनिकमधल्या ज्या चार-पाच जणांबरोबर तू रोज काम करतेस त्यांना दोन आठवडे असं शिकवून बघ. तुझ्या नवऱ्याला जमलं ना? तोही त्याच भाषेत वाढलाय.

दोन आठवड्यांनी कदाचित तुला वाटेल की 'आना'ची गरजच नाही. किंवा वाटेल की फोनवर दिवसभर अनोळखी पेशंटशी बोलताना प्रत्येकाला हा धडा देण्याचा कंटाळा येतो. तोही कंटाळा खराच आहे. रिसेप्शनवरच्या माणसाचं नाव दिवसातून कितीदा घेतलं जातं हे मी वेगळं सांगायला नको. तसं वाटलं तर कामाच्या ठिकाणी आना आणि मैत्रीत ज्ञानदा, अशी वाटणी करायलाही हरकत नाही. सगळीकडे एकच नाव चाललं पाहिजे असा काही नियम नाही.

नोकरीच्या बाबतीत मात्र गोड बोलून तुझी दिशाभूल करणार नाही. नावावरून भेदभाव होतो. कॅनडातल्या टोरांटोत हजारो अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण आणि अनुभव सारखेच ठेवून फक्त नावं बदलली, तर इंग्रजी वळणाच्या नावांना चिनी, भारतीय आणि पाकिस्तानी नावांपेक्षा मुलाखतीची बोलावणी सुमारे ४० टक्के जास्त आली. ही लाज त्या मालकांची आहे, तुझी नाही. पण उद्या दुसरी नोकरी शोधताना बायोडेटावर 'आना' लिहावंसं वाटलं तर लिही, त्यात काही बेकायदा नाही. नोकरी पक्की झाली की पार्श्वभूमीच्या तपासणीसाठी आणि पगाराच्या कागदांसाठी कायद्याचं नाव द्यायचं. ते नाव सोशल सिक्युरिटी कार्डाशी, म्हणजे तुझा सरकारी क्रमांक असलेल्या कार्डाशी, तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर कर भरताना घोळ होतो. आरोग्य विमा आणि डॉक्टरांकडची नोंदही कायद्याच्या नावाने ठेव. बहुतेक दवाखान्यांच्या फॉर्मवर 'प्रिफर्ड नेम' असा वेगळा रकाना असतो, 'आना' तिथे जाईल. एका दवाखान्यात एका नावाची फाइल आणि लॅबमध्ये दुसऱ्या नावाची, असं होऊ देऊ नकोस. तब्येतीच्या बाबतीत तो धोका फार मोठा आहे.

आता बिल्ला. हे काम नाव ठरलं की लगेच कर, कारण नवीन जागी पहिल्या काही दिवसांत जे नाव रुळतं ते नंतर हलवणं जड जातं. मॅनेजरबाई वाईट नसतीलही. त्यांना खरंच वाटलं असेल की आपण मदत केली. म्हणून तक्रारीच्या सुरात जाऊ नकोस, पण परवानगीही मागू नकोस. "चालेल का?" असं विचारलंस तर "अगं, डी किती छान आहे!" असं उत्तर येईल आणि तू पुन्हा गप्प बसशील. "बिल्ल्यावर माझं नाव 'आना' असं हवंय, नवीन बिल्ला कुणाकडून करून घ्यायचा?" असं सरळ विचार. किंवा 'ज्ञानदा' ठेवायचं ठरलं तर 'ज्ञानदा'. मग जो कोणी सवयीने 'डी' म्हणेल त्याला त्याच क्षणी, हसऱ्या चेहऱ्याने, "आना" एवढंच म्हणायचं आणि पुढचं काम बोलायचं. स्पष्टीकरण द्यायचं नाही. आपल्याकडच्या मुली अशा वेळी फार स्पष्टीकरणं देत बसतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे अजून ठरलेलं दिसत नाही.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं आहे. त्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं. "तू आमच्यातली झालीस, मग नावही आमच्यातलं असू दे." त्यांच्या प्रेमावर मला शंका नाही. पण तू त्यांच्यातली झालीस ती लग्नाने. त्यासाठी आणखी काही भरायचं बाकी नाही. हे त्यांना कळायला हवं, आणि ते आधी त्यांच्या मुलाने सांगायला हवं. नवरा "तुला हवं ते कर" म्हणतो ते चांगलंच आहे, पण तेवढ्यावर त्याची जबाबदारी संपत नाही. आपल्या आईशी बोलायचं काम तू त्याच्यावर सोपव. त्याने एकटं असताना आईला सांगावं, "आई, तिचं नाव डायना नाही. तिला ते आवडत नाही, आणि तुला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही. आजपासून आपण सगळे तिला आना म्हणू या." तो बोलला की हा घरातला ठराव होतो. तू एकटी बोललीस तर परक्या सुनेचा हट्ट ठरायला वेळ लागत नाही.

त्यानंतर तू स्वतः एकदा त्यांच्याजवळ बस. त्यांना पूर्ण नाव शिकव. दहादा चुकल्या तरी शिकव. म्हणता आलं नाही तरी चालेल, पण त्यांच्या सुनेचं नाव काय आहे हे त्यांना माहीत असलंच पाहिजे. आणि हेही सांग की 'आना' तुझ्याच नावात आहे, बाहेरून आणलेलं नाही. स्पेलिंग लिहून मधली तीन अक्षरं अधोरेखित करून दाखव. डायना हे नाव चांगलं आहे, पण ते दुसऱ्या बाईचं वाटतं, हे मोकळेपणी बोललीस तर मला वाटतं त्या समजून घेतील. लगेच बदलणार नाहीत. जुनी हाक जिभेवर बसलेली असते, महिना-दोन महिने 'डायना' निसटत राहील. त्या सुधारायचा प्रयत्न करताना दिसल्या तर तेवढं पोटात घाल. प्रयत्नच दिसला नाही तर नवऱ्याला पुन्हा बोलायला लाव. आणि मुद्दाम ओ देऊ नकोस. 'डायना'ला ओ दिलीस की झालं, ते नाव तुझं झालं.

बाबा गप्प झाले हे तुला लागलंय. मुलगी लांब गेली, तिचं घर, तिची भाषा, तिची माणसं वेगळी झाली. आपण दिलेली एक गोष्ट तिच्याजवळ उरली होती, तीही चालली, असं त्यांना त्या क्षणी वाटलं असणार. त्यांना वाईट वाटण्याचा पूर्ण हक्क आहे. तुला मनाई करण्याचा मात्र नाही, आणि मला वाटतं ते करणारही नाहीत. त्यांनी एकच गोष्ट मागितली आणि निदान पुढची काही वर्षं ती तू सहज देऊ शकतेस. त्यांना फोन करून सांग की पासपोर्टवर ज्ञानदाच आहे, ऑफिसात हाक मारायला सोपं म्हणून आना. "तुम्ही ज्ञानदाच म्हणा" हे सांगायला विसरू नकोस, आई-वडिलांना कधीकधी तेवढंच ऐकायचं असतं. नागरिकत्वाच्या वेळी काय करशील त्याचं वचन मात्र आज देऊ नकोस. तेव्हा तू कोण असशील आणि तुला काय हवं असेल, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही.

आता कागदांचं. इथे जरा बारकाईने वाच.

लग्नाच्या दाखल्याच्या आधारे अमेरिकेत आडनाव बदलता येतं, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत लग्नाच्या परवान्यावरच मधलं नावही बदलून घेता येतं. पहिलं नाव त्यावर सहसा बदलत नाही. त्यासाठी काउंटीच्या कोर्टात अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, काही राज्यांत वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, सुनावणी होते आणि मग कोर्ट ऑर्डर मिळते. हे आत्ता केलंस तर पुढची रांग अशी: आधी सोशल सिक्युरिटी कार्ड, मग ड्रायव्हिंग लायसन्स, बँक, विमा, ग्रीन कार्ड बदलून घेण्यासाठी आय-९० नावाचा अर्ज आणि त्याची वेगळी फी. शिवाय तू अजून भारतीय नागरिक आहेस, म्हणजे भारतीय पासपोर्टही नव्या नावाने काढून घ्यावा लागणार. तो होईपर्यंत ग्रीन कार्डावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं. त्या मधल्या काळात प्रवास करायचा तर तिकीट पासपोर्टवरच्या नावाने काढायचं आणि कोर्ट ऑर्डर जवळ बाळगायची. आणि इकडे भारतात तुझ्या पदव्या, पॅन, आधार, बँकेची खाती, सगळी ज्ञानदाच्या नावाने. प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावांची माणसं एकच आहेत हे सिद्ध करत बसावं लागेल. आज हा खटाटोप करण्याइतकं सबळ कारण मला तुझ्या पत्रात दिसत नाही.

ग्रीन कार्डाच्या पुढच्या अर्जाच्या वेळी, म्हणजे कार्डावरच्या अटी काढून घेण्याचा आय-७५१ अर्ज भरताना बदलावं का, असं तू विचारलंस. त्या अर्जाने नाव बदलत नाही. पुष्कळ जणांचा असा समज असतो की अर्जावर नवीन नाव लिहिलं की नवीन कार्ड त्या नावाने येईल. तसं होत नाही, आधी कोर्ट ऑर्डर लागतेच. उलट हा अर्ज होईपर्यंत तू नावाबाबत सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवीस. कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत तुम्हा दोघांना मिळून तो भरायचा असतो आणि त्यासोबत संसार खरा असल्याचे पुरावे जोडायचे असतात: घराचा भाडेकरार, एकत्र बँक खातं, विमा, कराची विवरणपत्रं. त्यातले निम्मे कागद आनाच्या नावाने आणि निम्मे ज्ञानदाच्या नावाने असले तर विनाकारण प्रश्न उभे राहतील. म्हणून भाडेकरार, वीजबिल, बँक, विमा, हे सगळं पासपोर्टवर आहे अगदी त्याच नावाने आणि त्याच स्पेलिंगने ठेव. हौस म्हणूनसुद्धा कुठे 'आना' लिहू नकोस.

आणि एक. इमिग्रेशनच्या अर्जांमध्ये 'आजवर वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो. त्यात टोपणनावंही विचारलेली असतात. ऑफिसात 'आना' वापरायला लागलीस की पुढच्या प्रत्येक अर्जात ते तिथे लिहायचं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ते लिहिणं तुझ्याच फायद्याचं आहे, लपवल्यासारखं दिसता कामा नये.

आता नागरिकत्व. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्या आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या ग्रीन कार्डधारकाला ३ वर्षांनी अर्ज करता येतो, आणि तो त्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो. इतरांना ५ वर्षं थांबावं लागतं. तुझी सव्वा वर्षं झालीच आहेत. तो अर्ज म्हणजे एन-४००. त्यात सरळ विचारलेलं असतं की तुम्हाला कायद्याने नाव बदलायचं आहे का. 'हो' म्हणून नवं नाव लिहिलंस की मुलाखतीच्या वेळी नावबदलाच्या विनंतीवर तुझी सही घेतात. इमिग्रेशन खात्याला स्वतः नाव बदलायचा अधिकार नाही. ते काम न्यायाधीशाचं, म्हणून अशा माणसाचा शपथविधी कोर्टात होतो. त्यासाठी वेगळी फी पडत नाही. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र थेट नव्या नावाने मिळतं आणि सही-शिक्क्याचा नावबदलाचा कागदही हातात येतो. अडचण एकच, कोर्टातले शपथविधी सगळीकडे सारखे होत नाहीत, त्यामुळे काही भागांत थोडी जास्त वाट बघावी लागते. बदल हवाच असेल तर त्या वाट बघण्याला हरकत नाही.

त्या वेळी एक तिसरा मार्गही तुझ्यापुढे असेल, तो आत्तापासून मनात असू दे. 'आना' पहिलं नाव आणि 'ज्ञानदा' मधलं नाव, दोन्ही कायद्याने. पासपोर्टवर दोन्ही छापली जातील. भारतातल्या जुन्या कागदांशी दुवा राहील आणि बाबांनाही मुलीच्या नव्या पासपोर्टवर आपण ठेवलेलं नाव दिसेल. उलटही करता येतं, ज्ञानदा पहिलं आणि आना मधलं. हा निर्णय दीड-दोन वर्षांनी, 'आना' अंगावर कसं बसलं ते बघून घे. कुणास ठाऊक, तोवर क्लिनिकमध्ये सगळे 'न्यानदा' म्हणायला शिकलेले असतील आणि एन-४०० वरच्या त्या प्रश्नाला तू 'नाही' असं उत्तर देशील.

मधल्या काळात मूल झालं तर त्याच्या जन्मदाखल्यावर तुझं त्या वेळचं कायद्याचं नाव लागेल. पुढे नाव बदललं म्हणून तो दाखला खोटा ठरत नाही, नावबदलाचा कागद सोबत जोडला की झालं.

नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार तुझं भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. नाव बदललेलं असेल तर त्या अर्जाला नावबदलाचा कागद लागेल, आणि भारतातल्या बँकेला किंवा वडिलोपार्जित मालमत्तेच्या कामातही तोच लागेल. म्हणून कोर्टाकडून त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती त्याच सुमारास मागून घे. मूळ प्रमाणपत्र अमेरिकन पासपोर्टच्या अर्जासोबत पाठवावं लागतं, ते हातातून जाण्याआधी त्याची स्वच्छ छायाप्रत काढून ठेव. आणि शपथविधीच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी प्रमाणपत्रावरचं नाव अक्षर न्‌ अक्षर वाच, विशेषतः तो 'डी-एन-वाय'. तिथे चूक दिसली तर लगेच तिथल्या अधिकाऱ्याला दाखव. घरी आल्यावर लक्षात आली तर दुरुस्तीसाठी एन-५६५ हा वेगळा अर्ज भरत बसावं लागतं.

तुझी,
ताई